खिळ्यावरची चक्री

"मोज," आबा म्हणाले. "परत मोज."

मी चक्री परत मोजली. पहिल्या दाताला कुंकवाचं बोट लावलं होतं. तिथून अंगठा एकेका दातावरून सरकवत निघाले आणि फिरून कुंकवाशी आले तेव्हा एकोणचाळीस झाले होते. तिसऱ्यांदा मोजूनही एकोणचाळीसच. घोरपडे सरांच्या चिठ्ठीवर मात्र स्वच्छ अक्षरात पस्तीस लिहिलेलं होतं.

"किती?"

"एकोणचाळीस, आबा."

त्यांनी चक्री माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले. काही दिसलं नसणार. मग खडू उचलला, चक्रीवर स्वतःचं नाव लिहिलं, गुंडू, आणि दाराकडे चालू लागले. ती चक्री कुठं जाणार हे मला माहीत होतं.

आबा म्हणजे गुंडू मिस्त्री लोहार, माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं दात कापायचं दुकान होतं. गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर, गिरण्यांची चाकं, मोटारसायकलच्या चेनच्या चक्र्या, जे काही दात घालून फिरतं ते आमच्याकडं कापलं जायचं. दुकानावरची पाटी वाचून एकदा एक म्हातारबा खरोखर तुटकी कवळी घेऊन आले होते. आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. बारावी झाल्यावर मी दुकानात बसायला लागले. बसायला म्हणजे हिशेब लिहायला नव्हे, मशीनवर. लोक म्हणायचे, गुंडूनं पोरीला लोखंडात घातली. आबा म्हणायचे, तिचा अंगठा खोटं मोजत नाही, मी काय करू?

आमच्या दाराच्या चौकटीला डाव्या हाताला एक जाड खिळा होता. आज्याच्या काळापासूनचा. त्याचा नियम साधा. चुकलेला माल भंगारात टाकायचा नाही. ज्यानं चुकवला त्याचं नाव त्यावर खडूनं लिहून दाराशी टांगायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. आणि खिळ्यावर गेलेला माल परत कुणाच्या गाडीला लागत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की पुसट झालेली नावं परत गडद करायची. तिथं मेलेल्या चुलत्याचं नाव होतं, आज्याचंसुद्धा एक होतं. माझं एकही नव्हतं. आठ वर्षांत एकही नाही. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी संक्रांतीला आबांच्या हातून चरकाचा एक गिअर चुकला. साठाला एकसष्ट. त्यांना मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांत, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. थोरल्या भावाचा डोळा अशाच ऑपरेशनात गेलेला त्यांनी पाहिला होता. तो गिअर खिळ्यावर लावताना ते दारात उभे राहून म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, की ह्या वर्षात माझ्या नावाचे तीन लागले की मी मशीनला हात लावणार नाही. आणि आबा बोलले की बोलले. तीस वर्षांची तंबाखू त्यांनी एका दुपारी सोडली होती, ती परत तोंडात गेली नाही.

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माणसाला सकाळी उठायला काहीतरी लागतं. आबांना ते मशीन होतं. ते सुटलं तर हा माणूस ओसरीवर बसून वाळून जाईल, हे मला आरशासारखं दिसत होतं. म्हणून एकोणचाळीसची ती चक्री खिळ्यावर चढली तेव्हा मी मनातल्या मनात मोजलं. दोन.

आता घोरपडे सरांचं सांगते. अजित घोरपडे तंत्रनिकेतनात शिकवायचे. वय तिशीचं, अंगात सदा ग्रीसचे डाग पडलेला पांढरा शर्ट. त्यांनी घराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून एक स्पोर्ट्स कार बनवली होती. दोन माणसांची, इतकी बुटकी की उभ्या माणसाच्या कमरेला लागायची. पत्रा ठोकला होता पापाच्या तिकटीजवळच्या एका घागरी ठोकणाऱ्यानं, त्यामुळं तिचे गाल घागरीसारखेच गोल होते. इंजिन होतं शर्यतीच्या जुन्या मोटारसायकलचं, मागं बसवलेलं, आणि तिथून चेननं मागची चाकं फिरायची. त्या चेनची मागची चक्री आमच्याकडं.

पुढच्या महिन्यात मद्रासला शर्यत होती. घरी बनवलेल्या गाडीला प्रवेश हवा तर ताशी सव्वाशेचा वेग दाखवावा लागणार होता. मोटार क्लबचे दोन पाहुणे घड्याळं घेऊन रविवारी यायचे होते आणि चारच्या गाडीनं परत जायचे होते. गाडी त्या वेळी एकशे दहाला अडकायची. मागची चक्री पंचेचाळीस दातांची होती, आणि एकशे दहाला इंजिन असं किंचाळायचं की पुढं एक पाऊल टाकायची सोय नव्हती. सरांनी गणित मांडलं. सायकल चालवलेल्या कुणालाही ते कळेल. मागची चक्री लहान केली की इंजिनाच्या एका फेऱ्यात चाक जास्त पळतं. पस्तीस दात केले तर तेवढ्याच किंचाळण्यात एकशे एक्केचाळीस. सव्वाशे तर वाटेत लागेल, असं सर म्हणाले आणि मला चिठ्ठी देऊन गेले.

शनिवारी सकाळी नवीन चक्री कापायला घेतली. या वेळी मी मशीनजवळ उभी राहून तक्ता वाचला आणि आबांनी कापली. तक्ता म्हणजे भिंतीवर टांगलेली एक काळी फळी. डावीकडं दातांची संख्या, तिच्यासमोर उजवीकडं गोल तुकडा केवढ्या व्यासाचा घ्यायचा आणि एक दात कापून पुढचा घ्यायला भोकांची चकती किती भोकं फिरवायची ते. ओळ धरून चाललं की चक्री चुकायचं काही कारण नाही. शुक्रवारी आबा पस्तीसवर बोट ठेवून निघाले आणि उजवीकडं पोचेपर्यंत खालच्या एकोणचाळीसच्या ओळीत शिरले. व्यासही तिथला घेतला, भोकंही तिथली. म्हणून चक्री अगदी देखणी झाली होती, चेन लोण्यासारखी बसली असती. फक्त मागितलेली नव्हती.

शनिवारच्या चक्रीला कुंकू लावून मी चार वेळा मोजली. पस्तीस. आबा म्हणाले, "तू मोजलीस ना? मग झालं." संध्याकाळी घोरपडे सर चक्री न्यायला आले तेव्हा त्यांची नजर खिळ्यावर गेली. काय मिस्त्री, माझ्याच नावानं एक वाढली म्हणे, असं हसत म्हणाले. थट्टेनंच. आबा हसले नाहीत.

रविवारी शहरापासून अकरा किलोमीटरवरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर आम्ही जमलो. लढाईच्या काळातली पट्टी, फटीफटीतून गवत वर आलेलं, पण सरळ. पाहुण्यांनी अडीचशे मीटरवर दोन झेंडे रोवले. एवढं अंतर सात सेकंद आणि वर दोन दशांशात तोडलं तर सव्वाशे. आबांना कुणीतरी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा, हात पाठीमागं. गाडी त्यांना दिसणार नव्हतीच. ते ऐकायला आले होते.

सर गाडी लांबून घेऊन आले. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मग एकदम खाली बसला. गिअर बदलल्यावर बसतो तसा, पण परत वर आलाच नाही. नुसता घुमत राहिला. झेंड्यांमधून गाडी गेली तेव्हा पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ दाबलं आणि दुसऱ्याला दाखवलं. साडेआठ सेकंद. ताशी एकशे सहा.

एकशे सहा! आधी एकशे दहा जात होती ती.

सरांनी परत प्रयत्न केला, आणखी लांबून. तेच. तिसऱ्यांदा तेच. मग गाडी आमच्याजवळ आणून थांबवली, चष्मा काढला. त्यांचा चेहरा पडला होता. तीन वर्षांची मेहनत होती, मी त्यांना दोष देत नाही. पण ते जे बोलले ते आबांच्या काळजात गेलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "दात परत चुकले की काय?"

आबांनी मान खाली घातली. वाद घातला नाही, बघतो म्हणाले नाहीत. तिथल्या तिथं टोपी काढून हातात घेतली. "चुकलेच असणार, सर. डोळे गेले माझे. माझं नाव लावतो. हा तिसरा."

मी म्हणाले, आबा, मी चारदा मोजलीय. ते म्हणाले, तू मला राखायला बघतीयास, वैजू. मी म्हणाले की राखायला नाही, पस्तीस आहेत. त्यांनी नुसती मान हलवली. तोपर्यंत पाहुणे त्यांची थर्मासची बाटली गुंडाळायला लागले होते. आमच्यासमोर एक माणूस स्वतःच स्वतःला फाशी देत होता आणि त्याला कुणी अडवत नव्हतं.

मग मी जे केलं ते रागानं केलं. पाना घेतला, सरांना बाजूला सरा म्हणाले, गाडीखाली शिरले आणि चक्री उतरवून आबांच्या पुढ्यात आणली. कुंकू नव्हतं. कपाळाची टिकली काढून मी एका दातावर चिकटवली आणि चक्री त्यांच्या हातात दिली.

"माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे," मी म्हणाले. "तुम्ही मोजा. तुमच्या अंगठ्यानं."

आबा खाली बसले. भर उन्हात, त्या सिमेंटवर, मांडी घालून. चक्री मांडीवर, उजव्या हाताचा अंगठा टिकलीवर. एक, दोन, तीन. मोठ्यानं मोजत होते. घोरपडे सर उभ्यानंच ओठ हलवत मोजत होते. पाहुणेही आले जवळ. तेहतीस. चौतीस. पस्तीस. आणि अंगठा टिकलीवर टेकला.

आबांनी परत उलट्या बाजूनं मोजलं. पस्तीस.

माझा जीव भांड्यात पडला. आबांचाही पडला असणार, कारण त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली, आणि त्यांचा आवाज बदलला. तो माझ्या ओळखीचा आवाज होता, दुकानातला.

"दात बरोबर आहेत, सर," ते म्हणाले. "आता तुमचं सांगा. चालवताना काय झालं? एकेक सांगा."

सरांनी सांगितलं. तिसऱ्या गिअरला गाडी छान ओढते, एकशे आठपर्यंत जाते. मग टॉपला टाकली की दम तुटतो, एकशे सहावर येते आणि तिथंच रडत राहते.

"म्हणजे तिसऱ्यात जास्त पळते अन् टॉपला कमी?"

"हो."

आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग त्यांनी घोरपडे सरांना, तंत्रनिकेतनातल्या मास्तरांना, सायकलीवरून समजावलं. म्हणाले, सपाटीवर मागची चक्री लहान असली की सायकल सुसाट जाते, खरं. पण तीच सायकल जोतिबाच्या चढाला लावा. पाय दाबता दाबता थांबतात. ताकद असते, पण पाय फिरेनात म्हटल्यावर ती ताकद लागायची कुठं? तुमच्या इंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांत आहे. खाली आलं की ते म्हातारं होतं. पस्तीस दातांनी तुम्ही त्याला हळू फिरायला लावलंत आणि वर ओझं लादलंत.

"पण इथं चढ कुठं आहे, मिस्त्री? पट्टी सपाट आहे," सर म्हणाले.

"वारं," आबा म्हणाले. "शंभराच्या वर वारं हाच चढ. जितकं जोरात जाल तितका उभा. तुमच्या कागदावर दात होते, चाक होतं. वारं नव्हतं."

सर खिशातून पेन काढून तळहातावर आकडे मांडायला लागले, शर्टाच्या बाहीपर्यंत गेले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी ते म्हणाले की पंचेचाळीस फार, पस्तीस कमी. इंजिन पूर्ण जोरात असताना सव्वाशेच्या जरा पुढं पोचेल असं काहीतरी मधलं हवं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. त्याच्यापलीकडं ह्या इंजिनाची पोच नाही, दात कितीही कमी करा. आणि मान वर करून विचारलं, चारच्या आत एक कापून होईल का?

पावणेदोन वाजले होते. कापून, दात कडक करायला भट्टीतून काढून होणं शक्य नव्हतं. मी आबांकडं बघितलं, त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनाही तेच आठवलं होतं.

"आबा, ती आहे की," मी म्हणाले.

"न्हाई."

"दात चुकलेले नाहीत तिचे. फक्त मागितलेले नव्हते."

"खिळ्यावरचं परत गाडीला लागत न्हाई, वैजू. माझ्या बापानं लावलं न्हाई, मी लावणार न्हाई. एकदा लावलं की उद्या प्रत्येक चूक कुणाच्यातरी कामाची असते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला आजही पटतं. पण पाहुण्यांची गाडी चारला होती. तिढा घोरपडे सरांनीच सोडवला. ते आबांच्या समोर आले, हात जोडले नाहीत की विनवलं नाही. गिऱ्हाइकासारखे सरळ उभे राहिले.

"मिस्त्री, मी गिऱ्हाईक आहे. चिठ्ठी चुकीची दिली ती मी. आता मी तुमच्याकडं एकोणचाळीस दातांची चक्री मागतो. तुमच्या दुकानात असेल तर द्या."

आबांनी बराच वेळ विचार केला. "मागितली तर नाही म्हणता येत न्हाई," ते म्हणाले. "पण आजच्यापुरती. उद्या मी तुम्हाला नवी कापून देणार, आणि ती जिथली तिथं परत येणार."

मी लूनाचं पायडल मारलं. अकरा किलोमीटर जायला, अकरा यायला, आणि ती लूना म्हणजे चढाला मी तिला ओढायची की ती मला, हे ठरलेलं नसायचं. दुकानाचं कुलूप काढलं, खिळ्यावरून चक्री काढली. तिच्यावरचं 'गुंडू' माझ्या हाताला लागून अर्धं पुसलं. एक क्षण मी तिथं थांबले. का थांबले ते शेवटी सांगते. मग पिशवीत टाकली आणि निघाले.

तीनला पोचले. चक्री मोठी म्हणून चेनला दोन कड्या वाढवाव्या लागल्या, त्या सरांच्या खिशातच होत्या, काल काढलेल्या. आबांनी चेनचा ताण बोटानं बघितला. सव्वातीनला सर गाडीत बसले.

आवाज लांबून सुरू झाला. चढला. गिअर बदलला, बसला, परत चढला. तिसरा. चढला. मग टॉप. आवाज खाली आला आणि मी डोळे मिटून घेतले. आबांनी माझं मनगट धरलं. आवाज एक क्षण तसाच राहिला, आणि मग चढायला लागला. हळूहळू, पण चढायला लागला. आबांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत गेला. गाडी झेंड्यांमधून गेली ती इंजिन पुरतं किंचाळत.

पाहुण्यांनी आपापली घड्याळं एकमेकांना दाखवली. सात सेकंद, एक दशांश. ताशी सव्वाशेच्या वर, एकशे सव्वीस. त्यांनी कागदावर सही केली, आणि साडेतीनला त्यांना घेऊन रिक्षा स्टेशनकडं निघाली. घोरपडे सर गाडीतून उतरले आणि गवतातच बसले, दोन्ही हातांनी डोकं धरून, हसत. आबा त्यांच्याजवळ गेले नाहीत. माझ्याकडं वळले.

"वारं कापलं बघ तिनं," एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मोतीबिंदूनं सुद्धा येतं, पण ते तसलं नव्हतं.

परत येताना लूनावर माझ्या मागं बसून ते म्हणाले की मी आता डोळ्याचं करून घेतो. मी लूना तशीच चालवत राहिले, म्हटलं काही बोलले तर मागं फिरायचे. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "अंगठा अजून शाबूत आहे म्हटल्यावर डोळ्याचं भ्या वाटंना." सोमवारी त्यांनी एकोणचाळीसची नवी चक्री कापली, मी ओळ वाचून दिली. जुनी परत आली. आबांनी तिच्यावर परत 'गुंडू' लिहून ती खिळ्यावर लावली. घोरपडे सर म्हणाले, मिस्त्री, हिनं तर आपल्याला तारलं, हिला काय शिक्षा? आबा म्हणाले, "मागितले पस्तीस, दिले एकोणचाळीस. चुकून बरोबर आलं म्हणून चूक संपत न्हाई." आणि मोजलं तर दोनच होते. मशीन चालू राहिलं.

आता ते राहिलेलं सांगते.

तो तक्ता मी रंगवला होता. नववीत असताना, स्टुलावर उभी राहून, पांढऱ्या रंगानं. शुक्रवारी संध्याकाळी चक्री खिळ्यावर गेली आणि आबा हातपाय धुवायला गेले, तेव्हा मी फूटपट्टी घेऊन तक्त्यासमोर उभी राहिले. मनात काहीतरी टोचत होतं. पट्टी पस्तीसवर आडवी धरली. सरळ, पाणसळीनं धरावी तशी. उजवीकडं पट्टीच्या टोकाला एकोणचाळीसची ओळ होती. माझ्या सगळ्या ओळी उजवीकडं वर चढत गेल्या होत्या, पोराच्या पाटीवर चढतात तशा. डोळस माणूस अक्षरं बघून तिरपा जातो. मी सवयीनं जायची. आबांना अक्षरं पुसट दिसत होती म्हणून त्यांनी बोट सरळ नेलं. सरळ नेलं म्हणून चुकले.

ती चूक माझी होती. आणि मी मूग गिळून गप्प बसले. माझ्या नावाचं खिळ्यावर काही नव्हतं, त्या तोऱ्यासाठी. धावपट्टीवर आबा टोपी काढून 'हा तिसरा' म्हणाले तेव्हा मला माहीत होतं की त्यातला एक माझा आहे, आणि तेव्हासुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. लूनावरून चक्री न्यायला आले आणि थांबले ती यासाठी. हाताला लागून पुसलेल्या 'गुंडू'च्या जागी खडूनं 'वैजू' लिहायचं होतं. खडू समोरच होता. नाही लिहिलं.

ऑपरेशन दसऱ्याआधी तीन आठवडे झालं. पट्टी सुटली, चष्मा आला, आणि खंडेनवमीच्या सकाळी आबा दुकानात आले. मी मशीनला हार घालत होते. ते सगळीकडं बघत राहिले, लहान मुलासारखे. भिंतीवरच्या डागाकडं, माझ्या पिकायला लागलेल्या एका केसाकडं, त्यावरून मला चिडवलं पण. मग तक्त्यासमोर उभे राहिले. खूप वेळ.

त्यांनी फूटपट्टी मागितली. मी दिली. त्यांनी ती पस्तीसवर आडवी धरली, उजवीकडं बघितलं, आणि पट्टी खाली ठेवली. माझ्याकडं वळून बघितलं सुद्धा नाही.

"तुला ठाऊक हुतं?"

"हो, आबा."

"कधीपासून?"

"त्या शुक्रवारपासून."

मला वाटलं आता बोलतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दाराशी गेले, खिळ्यावरून एकोणचाळीसची काढली, आणि नव्या चष्म्यातून तिच्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग अंगठ्यानं स्वतःचं नाव पुसलं, सावकाश, एकेक अक्षर. चक्री माझ्या हातात दिली आणि वर खडू ठेवला.

"लिही," म्हणाले. "देखणी झालीय, नाव स्वच्छ लिही."

मी लिहिलं. ओळ सरळ आली. आबांनी ती खिळ्यावर लावली, दोन पावलं मागं सरले, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं ते हसणार. "माझा एकच राहिला," म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पूजेचा नारळ फोडायला गेले.

मी दारातच बसून रडले. चार महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून दाराशी टांगला होता, सगळ्यांना दिसेल असा, आणि मला आयुष्यात कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

आबा जाऊन आता अकरा वर्षं झाली. तक्ता नवा आहे, ओळी सरळ आहेत. खिळा तोच आहे. दर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की मी खडू घेते आणि त्या एकोणचाळीस दातांवर माझं नाव परत गडद करते.